प्रकृतीच्या कारणास्तव

पुढे जिला सगळे लोक टीव्हीवरची ‘ताई’ म्हणून ओळखायला लागले, जिच्यासमोर बसायच्या आधी मंत्री दोनदा रुमाल चाचपायचे, तिचं नोकरीतलं पहिलं नाव होतं भिंगरी. एका जागी ती कधी सापडायची नाही, म्हणून कचेरीने तिचं हे बारसं केलं होतं.

तेव्हा टीव्हीवर वाहिनी एकच. बातम्या संध्याकाळी एकदाच, आणि त्या सुरू झाल्या की रस्ते ओस पडायचे. सगळा कारभार एका दुमजली इमारतीत. खाली स्टुडिओ, वर संपादन. स्टुडिओतली गार हवा यंत्रांसाठी होती. माणसांनी स्वेटर घालायचे. बातम्या वाचायचा कोटसुद्धा एकच होता. तो खुर्चीच्या पाठीला कायमचा लटकलेला असे आणि ज्याची पाळी असेल त्याने तो अंगावर चढवायचा. बाईला बातम्या का देत नाहीत, असं कुणी विचारलं तर मोठे साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “देऊ की. पण तिला तो कोट बसायला नको का?”

म्हणून भिंगरी पडद्यामागे. तिच्याकडे काम होतं ‘प्रतीक्षालया’चं.

प्रतीक्षालय म्हणजे वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट. वय झालेल्या सगळ्या थोरामोठ्यांच्या श्रद्धांजलीच्या फिती त्यात आधीच तयार करून ठेवलेल्या असत. माणूस गेल्यावर धावाधाव नको. भिंगरी जुनी चित्रं शोधायची, मजकूर लिहायची आणि त्याला स्वतःचा आवाज द्यायची. आवाज मात्र गोड होता हो तिचा, त्याबद्दल साहेबांचीही तक्रार नव्हती. आणि एवढी चित्रं जमवलीच आहेत तर वाया का घालवा, म्हणून त्याच चित्रांची दुसरी एक फीत वाढदिवसासाठी बनवायची. दोन्हींचे डबे सारखेच. कपाटाच्या वरच्या फळीवर वाढदिवस, खालच्या फळीवर दुसरं.

घरी आई वैतागली होती. “माझ्या मैत्रिणी विचारतात, लेक टीव्हीत आहे तर दिसत का नाही? काय सांगू त्यांना?”

“सांग, दिसत नाही, ऐकू येते.”

“मग रेडिओत का नाही गेलीस? निदान प्रवास तरी कमी होता.”

शेवटी एका दुपारी भिंगरीने आईला कचेरीतच आणलं. साहेब जेवायला गेलेले. संपादनाच्या अंधाऱ्या खोलीत आईला फिरत्या खुर्चीत बसवून तिने नुकतंच पुरं केलेलं काम दाखवलं, मंत्रीणबाईंचं. बाई एके काळी मंत्री होत्या, फटकळ म्हणून गाजलेल्या. आणि मग एकाएकी सगळं सोडून घरी बसल्या त्या कायमच्या. वर्षानुवर्षं कुणाला मुलाखत नाही. आठवड्याने त्यांना पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती.

आईने आधी वाढदिवसाची फीत पाहिली. मग श्रद्धांजलीची.

“ही दुसरी जास्त छान झालीय,” आई पदराने डोळे टिपत म्हणाली. “यात तुझा आवाज कसा भरून आलाय. पहिलीत नुसतीच वाचत्येस.”

“अगं, पण बाई जिवंत आहेत!”

“असू देत. पुन्हा लाव.”

पुन्हा लावली. तेवढ्यात जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. भिंगरीने दोन्ही फिती हाताला लागतील तशा डब्यांत कोंबल्या, डबे फळ्यांवर सरकवले आणि आईला मागच्या जिन्याने वाटेला लावलं. आई जाताना म्हणाली, “साहेबांना भेटले असते की, त्यात काय!”

आठवड्याने, वाढदिवसाच्या दिवशी, भिंगरी उपाहारगृहात चहा घेत होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर फुलांचं चित्र संपलं, ‘वाढदिवस विशेष’ ही पाटी आली आणि त्यापाठोपाठ व्हायोलिन सुरू झालं. तेही रडकं. पडद्यावर मंत्रीणबाई हात हलवत होत्या आणि तिचाच भरून आलेला आवाज सगळ्यांना सांगत होता, “एक लढाऊ पर्व आज संपलं...”

ती जिना कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. पण फीत थांबवेपर्यंत जवळजवळ सगळी होऊन गेली होती.

साहेबांच्या टेबलावरचे तिन्ही फोन एकदम वाजत होते. “बाई गेल्या?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“म्हणजे आपणच पाठवलं त्यांना!” साहेब खुर्चीत बसले, उठले, परत बसले. “कुणाच्या हातून झालं?”

“माझ्या.”

“छान. मग आता तूच निस्तर. गाडी घे, त्यांच्या घरी जा. हात जोड, पाय धर, काय वाटेल ते कर, पण बातम्यांच्या वेळेला बाई माझ्या स्टुडिओत हव्यात. धडधाकट! लोकांना दिसू दे. त्यांची क्षमा मागायची, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, तब्येत विचारायची आणि नमस्कार. राजकारणाचं अवाक्षर नको, वरून आधीच दोन फोन येऊन गेलेत. बाई आल्या नाहीत, किंवा आल्या आणि भलतंच काही झालं, तर उद्यापासून घरी बस.”

मंत्रीणबाईंच्या दाराशी फुलांच्या चक्रांची रांग लागली होती. आत हॉलमध्ये बाई ताठ बसून फोनवर बोलत होत्या. “हो, हो, मीच. नाही हो, वरून नाही, हॉलमधूनच बोलतेय.” फोन ठेवून त्यांनी दारातल्या पोरीकडे पाहिलं. “माझ्या विरोधात तीन निवडणुका लढलेला माणूस होता. घळाघळा रडत होता गं. म्हटलं, आधी रडून घे, मग सांगते. तू कोण? फुलं तिकडे ठेव.”

“मी फुलं नाही आणली. मी टीव्हीतून आलेय. फीत माझ्या हातून बदलली.”

“कशी?”

भिंगरीने सगळं सांगितलं. आईचं, बुटांच्या आवाजाचं, मागच्या जिन्याचं. ऐकता ऐकता बाईंचे खांदे हलायला लागले आणि मग त्या इतक्या खदखदून हसल्या की आतून सूनबाई धावत आल्या. “आईसाहेब, हळू! ठसका लागेल.”

“लागू दे. आज माझं काही बिघडत नाही.” बाईंनी डोळे पुसले आणि एकदम हसू आवरलं. “बरं, तो आवाज तुझा. आणि मजकूर?”

“माझाच.”

“‘प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.’ हे कुणाला विचारून लिहिलंस?”

“जुन्या बातम्यांत तसंच होतं. सगळ्याच बातम्यांत.”

“आणि मी कुठे होते? इथेच ना, याच खुर्चीत? घरात फोन आहे, दाराला कुलूप नसतं. तू एकदा तरी विचारलंस मला?”

भिंगरी दाराशी रचलेल्या फुलांच्या चक्रांकडे बघायला लागली.

“तू मला मारलंस ते चुकून. ते सोडून दिलं मी. पण न विचारता माझ्या तोंडावर पट्टी बांधलीस, ते कसं सोडू? पोरी, ती फीत मी गेल्यावर पुन्हा लागणार, आणि तेव्हा दुरुस्त करायला मी नसणार.”

“मग खरं कारण काय होतं?”

“आता विचारत्येस होय! इथे काय कॅमेरा आहे?” बाई उठल्या, चपला शोधायला लागल्या. “मी येते. पण तो कोटातला पुतळा नको समोर. तू बस आणि तू विचार.”

“बाई,” भिंगरी म्हणाली, “मला ते विचारायची परवानगी नाही. विचारलं तर नोकरी जाईल.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “मग तब्येत विचार. ठणठणीत म्हणेन आणि घरी येईन. चल.”



कचेरीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सवयीने सलाम ठोकला आणि चेहरा ओळखल्यावर हात तसाच कपाळाला चिकटून राहिला. रंगभूषेच्या खोलीत बाईंनी पावडरचा डबा दूर सारला. “गेलेल्या बाईला कशाला गं पावडर?” साहेब मात्र लवून लवून हात जोडत होते. “बाई, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!”

“म्हणजे पंचवीस राहिली. पुरवून पुरवून वापरेन. प्रश्न ही मुलगी विचारेल, नाहीतर मी निघते.”

साहेबांनी भिंगरीला कोपऱ्यात घेतलं. “क्षमा, शुभेच्छा, तब्येत, नमस्कार. पाचवं काही तोंडातून काढलंस तर याद राख.” आणि आतल्या खोलीतून सूचना ऐकवणारं बोळ्यासारखं एक यंत्र तिच्या कानात स्वतःच्या हाताने बसवलं.

दिव्यांच्या उजेडात भिंगरीला पहिल्यांदा कळलं की कॅमेऱ्यामागची माणसं दिसत नाहीत. फक्त एक हात दिसला, उलटी मोजणी करत बोटं मिटत गेलेला. मग कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

तिने क्षमा मागितली. चुकलं कुणाचं तेही सांगितलं, “माझ्याकडून झालं.” शुभेच्छा दिल्या. “तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत.”

कानात साहेब खुशीत म्हणाले, “झकास. आता नमस्कार.”

बाई हात मांडीवर ठेवून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, घरी पाहिलं होतं तशाच. भिंगरीच्या मनात आलं, नमस्कार म्हटलं की सुटले. उद्या पुन्हा कपाट, पुन्हा डबे, पुन्हा जुन्या बातम्यांतून उचललेली वाक्यं. पगार, घरचं, आईच्या मैत्रिणी, सगळं जागच्या जागी राहील. तिने हात जोडायला उचललेसुद्धा.

ते अर्ध्यावरच थांबले.

“बाई, इतकी ठणठणीत तब्येत आहे, तर मंत्रिपद प्रकृतीच्या कारणास्तव का सोडलंत?”

कानात साहेबांचा आवाज इतका चढला की समोर बाईंनाही ऐकू गेला. “त्यांना म्हणावं, उत्तर देते आणि लगेच उठते,” बाई म्हणाल्या आणि कॅमेऱ्याकडे वळल्या. “नदीवर नवा पूल झाला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमच्या इंजिनिअरने मला येऊन सांगितलं, मधला खांब खचतोय, फीत कापू नका. मी कापली नाही. दुसऱ्या दिवशी मी फार आजारी असल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. नवल म्हणजे मी तेव्हा नाश्ता करत होते. तिसऱ्या दिवशी फीत दुसऱ्याने कापली.”

आता खरं तर नमस्कार करायला हरकत नव्हती. पण भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, “मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

आणि पुढे काय विचारायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. कानातसुद्धा कुणी बोलेना. स्टुडिओत नुसती गार हवेची घरघर.

“भ्याले,” बाई शेवटी म्हणाल्या. फटकळपणाचा मागमूसही नव्हता आवाजात. “मुलं शिकत होती. नवरा म्हणाला, जाऊ दे. मग रोज वाटायचं, पूल तर उभाच आहे, म्हणजे माझंच चुकलं असेल. पण माझं माहेर नदीपलीकडे आहे ना, तर मी त्या पुलावरून कधीही गेले नाही. लांबचा वळसा घालून जाते. आणि रोज हजारो माणसं त्याच पुलावरून जाताना बघते.” त्यांनी चष्मा काढला. “श्रद्धांजलीत हेही घाल.”

नमस्कार कुणी केला, लाल दिवा कधी विझला, भिंगरीला आठवत नाही. साहेब जिन्यात भेटले. ओरडायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. “घरी जा,” एवढंच म्हणाले. घरी आई दारातच उभी. तिने लेकीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “दिसलीस गं बाई एकदाची! केस तरी विंचरायचे होतेस.”

सकाळी भिंगरी आपलं सामान आणायला म्हणून कचेरीत गेली. सामान म्हणजे एक स्वेटर आणि एक कप. साहेबांच्या खोलीवरून जाताना आतून हाक आली.

“वरून फोन आला होता. तुला काढायला सांगितलंय.”

“हो साहेब.”

“मी म्हटलं, काढतो. आज संध्याकाळपर्यंत काढतो.” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि पहाटे त्यांनीच तो पूल बंद केलाय, तपासणीसाठी. लोकांनी रात्रभर फोन करून त्यांना झोपू दिलं नाही म्हणे. दोन्ही काठांना माणसांची गर्दी आहे. संध्याकाळपर्यंत तू माझ्या नोकरीत आहेस ना? मग इथे स्वेटर काय कवटाळून बसलीस? कॅमेरावाला खाली थांबलाय.”

ते काढायचं काम साहेबांकडून त्या संध्याकाळी राहून गेलं. नंतर साहेब निवृत्त झाले, कपाट भंगारात गेलं, वाहिन्या एकाच्या शंभर झाल्या, भिंगरीची ताई झाली, केस पिकले, देशोदेशीचे सत्कार झाले. तरी ते काम कुणाच्या हातून पुरं झालं नाही ते नाहीच.

पण त्या सकाळी तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पुलाच्या तोंडाशी उभी होती, वाऱ्याने केस तोंडावर येत होते आणि खाली दोराने सोडलेला एक तरुण इंजिनिअर चिखलाने माखून कठड्यावरून वर येत होता. मागे त्याचे वरिष्ठ हाताची घडी घालून उभे होते.

“मधला खांब पाहिलात?” तिने विचारलं.

“पाहिला.” त्याने वरिष्ठांकडे एक नजर टाकली. वरिष्ठांनी नदीकडे पाहिलं.

भिंगरीने माइक त्याच्यापुढे धरला, आणि काहीएक न बोलता त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.