निइनुमा बाईंच्या तीन ओळी

देवदाराच्या खोडावर चिखलाची एक आडवी रेघ. तिच्या खाली, देवळाच्या उतारावर, एक उलटी होडी, दोन भाताचे कुकर, अकरा गाद्या आणि लहान मुलाचा डाव्या पायाचा एक बूट. रेघेच्या वर काहीच नाही. तिथलं गवतसुद्धा कोरडं होतं. त्सुनामीची लाट ओसरली त्या दुपारी कोन्नो पाथरवटाच्या अंगणातून मला एवढं दिसलं.

मित्रांनो, मी काळपट ग्रॅनाइटची एक जुनी शिळा आहे. डोंगराच्या पोटात मी किती लाख वर्षं काढली ते मला ठाऊक नाही आणि अंदाजाने सांगणार नाही. मला बोलतं केलं ते कवयित्री सावाए निइनुमा यांनी. प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवल्यामुळे अख्खं ओनोहामा गाव त्यांना बाईच म्हणे.

बाईंची पाच लहानशी पुस्तकं होती. दोरीवर वाळणारी माकुळ मासळी, मुलांची शेंबडी नाकं, मासळीच्या कारखान्यातल्या बायकांचे सुजलेले हात, अशा कविता. टोकियोचे समीक्षक त्यांच्या कवितेला ‘शांत’ म्हणत. बाईंना त्या शब्दाची चीड होती. लाट आली तेव्हा त्यांची धाकटी बहीण चिझू ताप आल्याने घरात निजलेली होती. ती सापडली नाही. त्यानंतर दोन वर्षं बाईंनी एक ओळ लिहिली नाही. मग गावाने स्मारकासाठी कविता मागितली.

पर्यटन विभागाचे ओइकावासाहेब पाथरवटाच्या अंगणातच त्यांना गाठून म्हणाले, "बाई, जरा उमेद देणारं लिहा ना. समुद्र, फुलं, असं काहीतरी."

"फुलं हवीत तर कुंडी ठेव. चौथीत असतानाही निबंध असाच लिहायचास तू."

बाईंनी लिहिलं ते हे:

पाणी इथवर आलं.
तुझं बोट टेकलंय, तिथवर.
याच्या खाली निजू नका.

त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरांत कोन्नोने त्या ओळी माझ्यावर कोरल्या. छिन्नी लागली, पण मी हूं की चूं केलं नाही. मला देवदाराशेजारी, बरोबर चिखलाच्या रेघेवर चौथरा बांधून उभं केलं. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक मोठ्या लाटेनंतर अशी शिळा उभी करतात, म्हणून घर बांधताना नकाशा कोणी उघडत नाही. "शिळेच्या वर आहे ना?" एवढंच विचारतात. वर घर, खाली शेत. पणज्यापासूनची रीत आहे. शाळेतली मुलं दर मार्चमध्ये चढून येत आणि ओळींवर बोट टेकवत. त्यांची बोटं थंडगार असत. मला ते आवडे.

मग बाई आजारी पडल्या आणि लांबच्या शहरातल्या इस्पितळात गेल्या. त्याच हिवाळ्यात ओइकावासाहेबांनी क्रेन आणली. म्हणे, पर्यटकांच्या बसगाड्या चढावर येत नाहीत! मला उचलून बंदरावर, गाड्या लावायच्या जागेत, भाजक्या शिंपल्यांच्या दुकानाशेजारी आणून ठेवलं. लोक माझ्या डोक्यावर आइस्क्रीम ठेवून फोटो काढू लागले. माझ्या अंगावर लिहिलेलं ‘इथवर’ आता धडधडीत खोटं होतं, आणि ते मी रोज, भर उन्हात, सगळ्यांना दाखवत उभी होते. मला तोंड असतं तर मी शिव्या दिल्या असत्या.

पुढचं त्याहून वाईट. उतारावर बालवाडीसाठी जागा शोधायला लोक आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चढाकडे. "शिळेच्या वर आहे ना? मग झालं," म्हणाले. एकानेही माझा रिकामा चौथरा पाहायला वर जायचे कष्ट घेतले नाहीत. सगळे भले लोक, आणि रीत पाळूनच चुकत होते.

बालवाडी सुरू झाल्यावर बाई परतल्या. बसमधून उतरल्या त्या माझ्यासमोरच. काठी टेकत त्यांनी मला चारही बाजूंनी पाहिलं, मग उतारावरच्या नव्या बालवाडीकडे पाहिलं आणि दुकानातूनच फोन करून साहेबांना बोलावून घेतलं.

"बाई, एक अक्षर बदललेलं नाही," साहेब घाईघाईने म्हणाले. "उलट आता हजारो लोक वाचतात."

"वाचतात आणि वर जाऊन पोरं निजवतात! दुपारी गाद्या घालतात ना रे तिथे?"

"पण ती जागा शिळेच्या वर..."

"शिळा कुणी हलवली, गाढवा?"

दुकानदारीण शिंपले उलटायची थांबली. साहेबांची मान खाली गेली. "मुलांना हलवायचं तर आधी तसा पुरावा हवा, बाई," ते पुटपुटले.

"देते. कोन्नोला हाक मार. पातळी जोखायची ती पाणी भरलेली लांब नळी घेऊन ये म्हणावं. आणि दुसरं टोक तू धरायचंस."

मित्रांनो, मला पुसू नका, फुलं वाहू नका, शेवाळ खुशाल चढू द्या. मला त्याचा राग नाही. पण ज्या जागेसाठी शब्द लिहिले ती जागा त्यांच्यापासून तोडू नका. आणि कुठल्याही शिळेवर विसंबण्याआधी तिला तिथे कोणी ठेवलं ते विचारा.

तिघांनी पाण्याची पातळी धरत टप्प्याटप्प्याने उतार मोजला. बालवाडीच्या झोपायच्या खोलीचा उंबरठा माझ्या मूळ चौथऱ्याच्या आठ मीटर चौदा सेंटीमीटर खाली भरला.