जुन्या काळातलं जोडपं

"चिमे, दार उघड! आत काय मेलंय का?"

दादा बाथरूमच्या दारावर थापा मारत होता. आत चिमी फळीवर मांडलेल्या तीन ट्रेंसमोर वाकून उभी होती. हातात रबरी मोजे होते आणि नाकावर रुमाल. चोपन्न वर्षांची, इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर आयुष्य घालवलेली बाई, पण घरात अजून चिमीच. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली, आणि रविवारची सकाळ सोडली तर कशाबद्दलही तिनं कधी हट्ट धरला नव्हता.

"दहा मिनिटं थांब दादा."

"मघाशीही दहाच म्हणालीस. माणसानं अंघोळ कधी करायची? आणि सडक्या अंड्यांचा वास सगळ्या जिन्यात गेलाय. खालचे विचारून गेले."

वास होता हे खरंच होतं. काळा-पांढरा फोटो तपकिरी करायचा तर त्याला ह्या वासातूनच जावं लागतं. चिमीनं ते वहिनीला समजावून सांगितलं होतं, दादालाही सांगितलं होतं. दादा म्हणाला होता, "बाजारात रंगीत फोटो मिळतो आणि तू पैसे घालून तपकिरी करतेस?" आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत फिरलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून त्याला तपासायला घरच तेवढं उरलं होतं.

वासाचं ती सोसून घेई. खरा वैताग पाण्याचा होता. फोटो वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो, नाहीतर त्यावर पिवळे डाग येतात. आणि नळ जरा वेळ वाहता राहिला की दादा बाहेरून मुख्य चावी बंद करून टाकी. "नासाडी चाललीये नुसती!" मागच्या खेपेचे सगळे फोटो कावीळ झाल्यासारखे दिसत होते. त्याआधीच्या खेपेला दादानं दार ढकलून आत लाइट लावला आणि अंधारात उघडलेलं फोटोच्या कागदाचं आख्खं पाकीट काळं पडलं. फोटोक्लबच्या प्रदर्शनाला आठवडा राहिला होता आणि भिंतीवर लावण्याजोगा तिच्याकडे एकच फोटो होता. तोच आता पहिल्या ट्रेमध्ये होता.

ह्या पहिल्या रसायनात चित्र पुसट होत जातं. चिमी ट्रे हळूहळू हलवत होती. चेहरे गेले, हात गेले. तिनं कागद उचलून धुतला. राहिला तो फिकट पिवळसर, जवळजवळ कोरा कागद.

तेवढ्यात कडी निखळली. दार उघडलं आणि दादा खांद्यावर टॉवेल घेऊन आत आला.

"दाखव, काय एवढं चाललंय." त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "हे? ह्या कोऱ्या कागदासाठी मी तासभर ताटकळलोय?"

"दादा, बाहेर जा."

"यात आहे काय पण?"

चिमीला संताप आला. तिनं कागद सरळ दुसऱ्या ट्रेमध्ये सोडला. वासाचा नवा भपका आला. दादानं टॉवेल नाकाला लावला आणि तसाच थांबला, कारण कागदावर काहीतरी उमटत होतं.

आधी खिडकीची चौकट आली. मग स्टुलावर बसलेली वहिनी, प्लास्टरमधला हात मांडीवर, डोळे मिटलेले. मग तिच्यामागे उभा असलेला दादा. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात वहिनीची अर्धवट वेणी, दातांत केसांच्या तीन पिना आणि कपाळावर, खोट्या वजनाचा तराजू पकडल्यावर पडायची, तशी आठी.

वहिनी महिन्यापूर्वी माळ्यावरून काही काढताना पडली होती. उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून तिची वेणी दादा घाली, खोलीचं दार लोटून. त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं, आणि गॅलरीत कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या चिमीला ते दोघं दिसले होते.

"हे कधी काढलंस?" दादाचा आवाज अचानक खाली आला होता.

"वहिनी पडली त्यानंतरच्या मंगळवारी."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तू कंगवा टाकून सदरा बदलायला गेला असतास."

"फाड तो."

"दादा, प्रदर्शनाला..."

"प्रदर्शनाला? चार लोकांत? तोंडात पिना धरलेला मी? ऑफिसातली माणसं येतात तिथं. फाड म्हणतो ना!" आणि अंघोळ न करताच तो निघून गेला. जाताना सवयीनं त्यानं पाण्याची चावीही बंद केली.

चिमी कोरड्या नळाकडे बघत राहिली. मग बादलीतल्या पाण्यात फोटो बुचकळत बसली. एका कोपऱ्यात डाग आलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोर्डावर होती. एकाला रक्तपेढी हवी होती, एकाला चुकून प्रसूतिकक्षाला जोडलं गेलं होतं आणि तो ओरडत होता. त्यातच पलीकडून दबका आवाज आला.

"चिमे, मी बोलतेय."

"वहिनी? काय झालं? हात दुखतोय का?"

"हात बरा आहे. हे खाली गेलेत, म्हणून फोन केला. तो फोटो फाडलास का गं?"

"नाही अजून."

"मग नको फाडूस. लाव तिकडे."

"दादा घर डोक्यावर घेईल."

"केस माझे आहेत. ह्यांना काय विचारायचं त्यात?" वहिनी भराभर बोलत होती. "सदतीस वर्षांत आमचा एकत्र असा फोटोच नाही. प्रत्येकात हे छाती काढून कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि मी ह्यांच्या मागे अर्धी. ठेवते. दारात किल्ली वाजतेय."

फोटो लागला. क्लबच्या सेक्रेटरींनी त्याला कोपरा दिला, विजेच्या बटणांच्या शेजारचा. चिमी वैतागून काही बोलणार, तोच तिला खालची पट्टी दिसली. सेक्रेटरींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'जुन्या काळातलं जोडपं'.

"अहो, हा गेल्या महिन्यातला फोटो आहे!"

"रंगावरून जुना वाटतो," सेक्रेटरी म्हणाले. "लोकांना आवडतं असं. राहू द्या."

संध्याकाळी गर्दी झाली आणि तिला दारात दादा दिसला. इस्त्रीचा सदरा, शेजारी वहिनी. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि लांबूनच चिमीकडे बघून तिनं मान हलवली, मी काही बोलले नाही, अशा अर्थाची. दादाला कुणी सांगितलं कोण जाणे. तो इतर फोटोंकडे न बघता सरळ कोपऱ्यात गेला.

आता हा सगळ्यांदेखत फोटो उतरवणार, असं वाटून चिमी घाईघाईनं त्याच्या मागे गेली. पण दादा नुसता उभा होता. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. लोक येत होते, त्याच्या पाठीमागून वाकून बघायचा प्रयत्न करत होते, कंटाळून पुढं जात होते. पूर्ण फोटो त्यानं अडवला होता.

"दादा, सरक ना जरा. लोकांना दिसत नाहीये."

"हिचे केस एवढे कधी गेले?" त्यानं न वळता विचारलं. "रोज माझ्याच हातात असतात."



एक तरुण मुलगी जवळ आली. "एक्स्क्यूज मी काका, बघू का?" दादा बाजूला झाला. तिनं पट्टी वाचली, फोटो बराच वेळ पाहिला, आणि कुणाला तरी विचारावं म्हणून त्यालाच विचारलं, "कोण आहेत हो हे?"

फोटोतल्या माणसाशी त्याचा चेहरा जुळवून बघायचं तिला सुचलं नव्हतं. दादानं घसा साफ केला. मग बोट फोटोकडे न नेता, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीकडे नेलं.

"ती," तो म्हणाला. "ती बसलीये ना, ती माझी बायको."