लांबून ऐकायची रेकॉर्ड

कामरगावात सैफुद्दीन यांना अजूनही माइकवाले म्हणतात. लग्नाला भोंगे लावणं त्यांनी सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. डीजे आले तेव्हा त्यांनी एक भोंगा आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर ठेवून बाकी सामान विकलं. रेकॉर्ड मात्र एकही विकली नाही. पत्र्याच्या पेटीत त्या सगळ्या उभ्या ठेवलेल्या होत्या, मध्येमध्ये जुन्या मलमलीच्या घड्या घालून.

त्यांची बायको सरवरी दिवसा ठीक असे. भाजी निवडायची, शेजारणीला टोमणे मारायची, गॅस आठवणीनं बंद करायची. पण ऊन उतरलं आणि अंगणातल्या निंबाची सावली भिंतीवर चढू लागली, की ती हळूहळू मागच्या दिवसांत जायची. ओसरीवर येऊन बसायची आणि नाल्यापलीकडच्या वाटेकडे पाहत राहायची.

"आले नाई अजून," ती म्हणायची.

"कोण?"

"नमराचे अब्बा. भोंगे घेऊन गेले लग्नाले."

"मीच तं आहो, सरवरी."

ती त्यांच्याकडे नीट पाही आणि ओढणी सावरून घेई. "तुमी जेवून घ्या, चाचा. थे आल्याबिगर मले घास उतरत नाई."

आणि ती खरोखरच जेवत नसे. उन्हाळ्यापासून तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. संध्याकाळचं जेवण असंच सुटत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीनं भरवावं लागेल, असं त्यांनी सैफुद्दीन यांना बाजूला घेऊन सांगितलं.

त्यांची मुलगी नमरा वाशीमला शाळेत गणित शिकवते. शनिवारी ती घरी आली तेव्हा आईशेजारी ओसरीवर बसली आणि तिनं सहज विचारलं, "अम्मी, अब्बा घरी येऊन राह्यले हे तुले पहिले कसं समजे?"

"शहनाई वाजे ना," सरवरी म्हणाली. जणू ही काय विचारायची गोष्ट आहे.

नमरानं वडिलांकडे पाहिलं. सैफुद्दीन यांनी मान खाली घातली होती. माइकवाल्यांचा तो रिवाजच होता. दिवसभर वाटेल ती गाणी वाजवा, पण नवरी गाडीत बसायला निघाली की शहनाईची रेकॉर्ड लावायची आणि ती संपली की वायरी गुंडाळायच्या. ही बिदाईची रेकॉर्ड लग्नात एकदाच वाजे. आवाज तपासायला नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि घरात तर कधीच नाही. घरात बिदाई वाजवली तर घरातलं माणूस उठून जातं, असं सैफुद्दीन यांचे उस्ताद सांगत. लग्न रिठदसारख्या लांबच्या गावी असलं तर घरी काही ऐकू येत नसे. पण आसपासच्या खेड्यातलं असलं की वाऱ्यावर शहनाई यायची, आणि सरवरी उठून चूल पेटवायची.

"थे रेकॉर्ड आहे अजून?" नमरानं विचारलं.

"आहे. वाजवायले मशीन कुठी आहे?"

नमरानं आधी मोबाइलवरून एक पेटीसारखा प्लेअर मागवला. निळ्या रंगाचा, हँडल असलेला, दिसायला गोड. सैफुद्दीन यांनी त्याची सुई बोटाच्या टोकावर तोलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. जुन्या गाण्यांची एक रेकॉर्ड लावली, तर एका जागी सुई उडून मागे येऊ लागली आणि आवाजाचा तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजू लागला. सैफुद्दीन यांनी खिशातून जुनं चार आण्याचं नाणं काढून सुईच्या डोक्यावर ठेवलं. सुई पुढे गेली.

"अब्बा! हे काय करून राह्यले?"

"सगळेच ठेवत. वाऱ्यात सुई उडे."

"नाणी ठेवूठेवूच तं खाचा झिजल्या. शहनाईवर हे ठेवसान काय?"

त्यांनी नाणं उचलून खिशात टाकलं. शहनाई त्या मशीनवर लावायची नाही, एवढं दोघांचं ठरलं. पेटी परत गेली.

शाळेला सुट्ट्या लागल्या तेव्हा सरवरीला शेजारणीच्या हवाली करून बापलेक नागपूरला गेले. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, असं नमरानं बसमध्येच बजावलं होतं. दुकानदारानं त्या बजेटमधली दोन टर्नटेबलं समोर ठेवली. दोन्हींची तबकडी पट्ट्यावर फिरणारी होती, त्यामुळे मोटरची घरघर सुईपर्यंत पोचत नव्हती. दोन्हींची सुई बदलता येत होती. दोन्हींतून वायर सरळ जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येत होती. फरक दांडीत होता. पहिल्याच्या दांडीला मागे वजन होतं, फिरवून सुईचा भार हवा तसा लावायचं. दुसऱ्याच्या दांडीचा भार कारखान्यातच हलका बांधलेला होता. पण त्याचं एक बटण दाबलं की दांडी आपोआप उचलली जाई, रेकॉर्डच्या कडेवर उतरे, आणि रेकॉर्ड संपली की परत जागेवर जाऊन मशीन बंद होई.

सैफुद्दीन यांनी पहिल्याचं वजन फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"हे घेऊ."

"आवाज याचाच जरा बरा आहे," दुकानदारही म्हणाला.

"आणि सुई कोण ठेवन?" नमरा म्हणाली. "तुमचा हात हालते, अब्बा."

"सुई ठेवायलेच तं हात देल्ले अल्लानं. बटण कायले? उद्या म्हणशीन, रेकॉर्ड ऐकायलेही मशीनच बसवू."

"हात पुढं करा."

त्यांनी केला. काउंटरवरच्या दिव्याखाली बोटं निंबाच्या कोवळ्या डिरीसारखी हलत होती. दुकानदार दुसरीकडे पाहू लागला. सैफुद्दीन यांनी हात मागे घेतला आणि खिशातल्या नाण्याशी चाळा करत म्हणाले, "बटणवालं बांधून दे, भाऊ."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यांनी मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "दांडी उचलते मस्त. बगळा पाय उचलते तशी."

घरात बिदाई वाजवायला त्यांचं मन तयार नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही सरवरीनं ताट बाजूला सारलं. मगरीबची नमाज झाली. सैफुद्दीन यांनी स्टुलावर बशीभर पाणी ठेवून सपाटी पाहिली, मशीन मांडून नमराच्या छोट्या स्पीकरला जोडलं, रेकॉर्ड मलमलीनं पुसली आणि बटण दाबलं. दांडी उठली, जरा थांबली, उतरली.

खोलीत शहनाई उभी राहिली. इतकी स्वच्छ की वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेला कळावा. नाण्यांनी झिजलेल्या जागेवर सूर जरा खरवडला, पण सुई उडाली नाही. सैफुद्दीन यांनी ही रेकॉर्ड आयुष्यभर वाजवली होती, पण वायरी सोडण्याच्या घाईत. तिच्यात मागे तंबोरा आहे हे त्यांना आज समजत होतं. ते डोळे मिटून बसले.

डोळे उघडले तेव्हा सरवरी ओसरीवर नव्हती. ती आत जाऊन कापडी पिशवीत दोन ओढण्या, सुरमेदाणी आणि तसबीहची माळ भरत होती. मग ती दाराशी आली आणि चपला शोधू लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अम्मी, कुठी चालली?" नमरानं तिचा दंड धरला.

"मले कोण इचारते? नवरी निघाली ना."

"कोणती नवरी?"

"शहनाई इतकी जवळ वाजून राह्यली, म्हणजे मीच. दुसरं कोण आहे अठी?" तिनं सैफुद्दीन यांच्याकडे पाहिलं. "आन् थे यायचे आहेत अजून. थे येत असते तं लांबून वाजली असती."

सैफुद्दीन यांनी मशीन बंद केलं. त्या रात्री सरवरी पिशवी उशाशी घेऊन झोपली.

सकाळी ते मशीन, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा घेऊन नाला ओलांडून तांड्यावर गेले. तांड्याच्या टोकाला सेवादासचं घर आहे. सेवादासच्या लग्नात भोंगे त्यांचेच होते.

"चाचा, माह्या घरी कोणाचं लगन काढलं तुमी?" भोंगा पाहून सेवादास हसला.

"कोणाचंच नाई. रोज सांजच्याले एक रेकॉर्ड वाजवायची आहे. हळू आवाजात."

"रोज? चाची भांडली काय?"

सैफुद्दीन यांनी त्याला सगळं सांगितलं. सेवादासचं हसू विरलं. त्यानं पडवीतली कडब्याची पेंढी हलवून फरशीवर जागा केली आणि बोर्डातून वायर ओढून दिली. सैफुद्दीन यांनी भोंगा पडवीच्या खांबाला बांधला, तोंड आपल्या घराकडे करून.

संध्याकाळी वारा तांड्याकडून गावाकडे वाहत होता. कपाशीच्या पऱ्हाटीवर निळसर धूर पसरला होता. मगरीब झाल्यावर सैफुद्दीन यांनी रेकॉर्ड पुसून ठेवली.

"नाणं नाई ठेवत, चाचा? पहिले ठेवत होते."

"याले नाई लागत."

"आन् संपल्यावर सुई कोण उचलन? मी ढोरं बांधायले चाललो."

"थे सोता उचलते."

त्यांनी बटण दाबलं, वायरीचं एक वेटोळं सवयीनं खांद्यावर अडकवलं आणि चालू लागले.

पडवीतून निघाले तेव्हा शहनाई पाठीवर होती, मोठी आणि पत्र्यासारखी. शेताच्या बांधावर ती बारीक झाली. नाल्यात उतरले तेव्हा ती गेलीच. फक्त बेडूक ओरडत होते. पलीकडच्या काठावर चढले आणि ती पुन्हा आली, पण आता ती भोंग्यातून येत नव्हती. पऱ्हाटीतून, धुरातून, अंधारू लागलेल्या हवेतून येत होती. वारा पडला की सूर अर्धवट सुटे आणि वारा आला की पुढचा सूर येई. मधलं ज्याचं त्यानं भरायचं. तंबोरा ऐकू येत नव्हता. झिजलेली जागा कधी आली आणि गेली, तेही कळलं नाही. सैफुद्दीन वाटेत उभे राहिले. ही रेकॉर्ड इतक्या लांबून त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. ती वाजे तेव्हा ते नेहमी तिच्यापाशी असत.

मग ती संपली. भोंग्यात बारीक खरखर झाली आणि थांबली. तिकडे रिकाम्या पडवीत दांडी उठून आपल्या जागेवर गेली असणार.

घराच्या मागच्या खिडकीत दिवा होता. भाजलेल्या भाकरीचा वास अंगणापर्यंत आला होता. नमरा दारात उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि बाजूला झाली.

सरवरी तव्यापाशी होती. तिनं वळून पाहिलं, त्यांच्या खांद्यावरचं वायरीचं वेटोळं पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"आज लवकर सुटलं लग्न?"

"नवरी लवकर निघाली."

"तिथंच जेवले असान तं सांगा. मी भाकरी कायले थापू?"

"नाई जेवलो."

"मंग उभे काहून? हात धुवा," ती म्हणाली आणि फळीवरून दोन ताटं काढली.