सातवी तुळई

शिवणकामाच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर कुणी तरातरा चाललं की सगळी लाकडी जमीन हलायची. मशीनवरच्या बायका ओरडायच्या, "अगं हळू! माझी शिवण वाकडी गेली!" मग हसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. धोका रोजचा झाला की त्याची चेष्टा करायची, ही आपली सगळ्यांचीच सवय! शेवटी एका मशीनचा पाय फळीतून खाली गेला, तेव्हा कुठे मालकांनी इंजिनिअर बाईंना बोलावलं.

सुताराची बायको याच कारखान्यात कामाला. जमीन लाकडाची, तेव्हा काम आपलंच, असं सुतार धरूनच चालला होता. पण बाई म्हणाल्या, "लाकूड काढायचं नाही. त्यावर काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. त्याआधी फळ्यांमधून तुळयांत स्क्रू बसवायचे, प्रत्येक स्क्रू निम्मा आत, निम्मा वर. वरचा भाग काँक्रीट धरून ठेवेल. काँक्रीट दाब घेईल, लाकूड ताण घेईल. दोघं एकमेकांवरून सरकले नाहीत तर जमीन ताठ राहील."

काँक्रीटचं काम गवंड्याला मिळालं. आणि हा गवंडी कोण? तर सुताराचा सख्खा साडू!

झालं! सुताराच्या अंगाचा तिळपापड झाला. सासुरवाडीला आधीच धाकट्या जावयाचं कौतुक. सासरे त्यालाच शेजारी बसवणार, सल्लाही त्यालाच विचारणार. आता इथेही तोच!

"त्यानं मिरवायचं आणि मी नुसते स्क्रू पिळायचे?" सुतार घरी करवादला.

"अहो, काम वाटून दिलंय. त्यात एवढं जळायचं काय?" बायको म्हणाली.

"मी जळत नाही!" असं म्हणून तो भरल्या ताटावरून उठला. आता याला काय म्हणायचं?

स्क्रू बसवण्याआधी प्रत्येक तुळई तपासायची होती. बाईंनी ते काम सुतारावर सोपवलं, कारण त्याचा कान पक्का. तो खालच्या मजल्यावर शिडी लावून एकेक तुळई हातोडीनं ठोकत निघाला. सहा तुळया खणखणीत वाजल्या. खिडकीजवळच्या सातवीचं भिंतीतलं टोक मात्र भद्द वाजलं. आतून कुजलेलं होतं, हे त्यानं एका ठोक्यात ओळखलं. तेवढ्यात खालून साडूचं हसणं ऐकू आलं. बाई त्याची पाठ थोपटत होत्या.

सुताराच्या मनात आलं, पडू दे याच्या काँक्रीटला तडा! कळू दे सगळ्यांना, हा केवढा कारागीर आहे ते!

"सगळ्या ठणठणीत आहेत, बाई," तो म्हणाला. बाईंनी विश्वास ठेवला. सातव्या तुळईतही स्क्रू बसले.

काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी गवंड्यानं जाळी अंथरली, माल कालवला. बायका दाराशी जमल्या होत्या.

"ताई, तुमचं मशीन कुठं हवं?" गवंड्यानं सुताराच्या बायकोला विचारलं.

"खिडकीशी. तिथं उजेड चांगला."

"तिथं बसायला भीती नाही ना वाटत?" कुणीतरी थट्टा केली.

"भीती कसली? आमच्या ह्यांनी एकेक तुळई ठोकून पाहिलीय. मी डोळे झाकून बसेन!"

गवंड्यानं पहिलं घमेलं उचललं.

"थांबा! ओतू नका!" सुतार ओरडला. "सातवी तुळई कुजलीय. मला माहीत होतं. मी खोटं बोललो!"

बायको त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं त्याला सोसवेना.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सुतारकाका, राग तुमचा साडूवर. पण खाली कोण पडलं असतं? त्याचं फक्त नाव गेलं असतं. या बायकांचा जीव गेला असता!"

"चुकलो, बाई! हेव्यापायी आंधळा झालो!"

कालवलेला माल फुकट गेला. काम चार दिवस लांबलं. सुतारानं कुजलेलं टोक कापून टाकलं आणि नव्या लाकडाचा भक्कम जोड दिला. गवंडी दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. त्याचं काही चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "साडूभाऊ, जोड झकास झालाय. पण तपासणार मी स्वतः."

"तपास," सुतार म्हणाला. त्याला ते झोंबलं, तरी त्यानं हातोडी साडूच्या हातात दिली.

जमीन आता हलत नाही. सुताराचा हेवा मात्र पुरता गेलेला नाही. परवा सासऱ्यांनी साडूला शेजारी बसवलं, तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालंच. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका इमारतीत त्याच साडूच्या कामासाठी त्यानं तुळया तपासल्या, आणि दोन खराब निघाल्या तर दोन खराब असंच सांगितलं.

मंडळी, हेवा कुणाला वाटत नाही? तो मनात येतोच, त्याला दार लावता येत नाही. पण आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी पाऊल टाकणार असतं. तिथे तरी खरं बोला. एवढं जमलं तरी पुष्कळ आहे!