बॉटल सील

आमच्या ऑफिसात बाटली म्हटलं की कुणाला दूध आठवत नाही. माल भरून झाल्यावर कंटेनरच्या दाराला जो जाड डोक्याचा लोखंडी खिळा लावतात, त्याला बॉटल सील म्हणतात. त्यावर नंबर असतो. खालून टोपी दाबली की कट्ट वाजतं, आणि मग कटरशिवाय तो निघत नाही. तो नंबर कस्टमच्या पोर्टलवर चढवायचं काम माझं. ओटीपीही माझ्याच मोबाईलवर येतो. इरा झाली तेव्हा दवाखान्याच्या खाटेवरून, एका हाताने तिला धरून, मी ओटीपी सांगितलेत.

रजा संपवून परत आले त्या दिवशी माझ्या पिशवीत दोन्ही प्रकारच्या बाटल्या होत्या. मॅनेजर कमळाकर सरांनी त्या बघितल्या.

"हिमानी, बघ हं. चुकून दुधाची लावशील कंटेनरला."

सगळे हसले. मीही हसले. पहिल्या दिवशी हसावं लागतं.

परसराम शेठचं हे गोडाऊन पालेगावात आहे. शेठ राहतात उल्हासनगरला, मालही बराचसा तिथलाच. फिरत्या खुर्च्या, लोखंडी कपाटं, टेबलं, फायली, पंचिंग मशीन, स्टेपलर. परदेशातल्या ऑफिसांना लागतं ते सगळं आम्ही बोटीने पाठवतो. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्लीत एवढा मोठा कंटेनर वळत नाही, म्हणून भराभरी इथे.

परत आले तर माझं टेबल दिसेना. म्हणजे होतं, पण झेरॉक्स पेपरच्या खोक्यांखाली.

"जागा झाली की काढू," कमळाकर सर म्हणाले. "नाहीतर घरूनच कर ना. बाळ लहान आहे. आम्हाला काय, काम झाल्याशी मतलब."

शेठही तेच म्हणाले, त्यांच्या गोड आवाजात. "बेटा, बच्चे की माँ घर में अच्छी. आराम से बैठो."

घरी बसणं म्हणजे काय ते मला रविनाने दाखवलं होतं. माझ्या आधी बिलं तीच करायची. तीही अशीच आरामात घरी बसली, पोरगा जरा मोठा होईपर्यंत. एका सकाळी ऑफिसच्या ग्रुपमधून तिचं नाव गेलं, बस. कुणी भांडलं नाही, कुणी काढलं नाही.

मी घरी बसले नाही. पॅसेजमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. कारण खुर्ची अजून माझी होती. मोम्बासाच्या पहिल्या ऑर्डरमधून उरलेली, काळी, जाळीच्या पाठीची. पोट वाढत गेलं तसा मी तिचा खटका सैल केला होता. इरा आत लाथा मारायची तेव्हा मी तिच्यातच रेलून म्हणायचे, थांब गं, एवढं इन्व्हॉइस होऊ दे. आता त्या खुर्चीला आणखी एक काम होतं. दूध काढायला मी स्टोअररूममध्ये जायचे. तिथल्या दाराला कडी नाही. मी खुर्ची दाराला पाठ लावून ठेवायचे आणि वर बसायचे. कोणी ढकललं तर आधी मला ढकलावं लागे.

एके दिवशी मोम्बासाचाच कंटेनर भरत होता, दुसरी ऑर्डर, त्याच काळ्या खुर्च्या. कपाटं आत गेली, खोकी गेली, खुर्च्या शेवटी दाराशी. लोडिंगवाल्यांचा पुढारी धाकलू. वांगणीच्या पुढच्या वाडीतला, बोलायला लागला की थांबत नाही. त्याने सवयीने एका खुर्चीवर टेकून पाहिलं तर ती फुसकन खाली बसली.

"ही मेली बसली," धाकलू म्हणाला. "हिचा ग्यास गेला. दुसरी आना."

दुसरी नव्हती. दुपारचं दूध काढण्याआधी मी पंपाचे भाग धुवायला नळावर गेले होते. परत आले तर स्टोअररूममध्ये खुर्ची नाही. पॅसेजमध्येही नाही.

"सर, माझी खुर्ची?"

"मोम्बासाला गेली," कमळाकर सर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "काउंट पूर्ण करायचा होता. प्लास्टिक गुंडाळलंय, नवीनच दिसते."

"ती वापरलेली आहे."

"तिकडे कोण वास घेऊन बघणारे? आण, सील आण. संध्याकाळी न्हावा शेवा बंदराचं गेट बंद होतं."

सील माझ्या पिशवीत होतं. दुधाची बाटलीही. मी पिशवी खांद्याला लावली आणि रॅम्पवरून कंटेनरमध्ये चढले. शेवटच्या रांगेत सगळ्यात पुढे तीच होती. गुंडाळलेल्या प्लास्टिकमधूनसुद्धा ओळखू आली, उजव्या बाजूला मी दुधाचा डाग पाडलाय. मी ती वळवली, तोंड बाहेर केलं आणि बसले.

"लावा सील," मी म्हणाले.

मग धाकलू हसायला लागला. "बाय, तुमाला बोटीत घालायचं का? उलटी व्हईल."

"होऊ दे."

"हिमानी, नाटक नको," कमळाकर सर आता उभे राहिले. "धाकलू, खुर्चीसकट उतरव तिला."

"मी नाय हात लावनार. लेकुरवाळी बाय हाय. माझी बायको जिजा मला घरात घेनार नाय."

ड्रायव्हर केबिनमधून उतरला, बघितलं, आणि सावलीत जाऊन तंबाखू मळू लागला. त्याला घाई नव्हती. घाई कुणाला होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पत्रा तापला होता. छाती भरून आली होती, ठणकत होती. इरा आत्ता हेंद्रेपाड्यात, घरी, सासूबाईंच्या खांद्यावर असेल, झोपायच्या आधी ती त्यांचं मंगळसूत्र तोंडात घालते. मला उतरून जावंसं वाटलं. उतरले असते तर थेट घरीच गेले असते, आणि मग घरीच बसले असते. म्हणून मी पाय रॅम्पच्या कडेला घट्ट रोवले.

शेठ आले. हातातली चावी खिशात टाकत त्यांनी वर बघितलं.

"क्या हुआ, बेटा? एक कुर्सी के लिए? नवीन देतो तुला. दुप्पट मऊ."

"नवीन मोम्बासावाल्यांना द्या, शेठ. त्यांनी नवीन मागवली. एक खुर्ची शॉर्ट गेली असं मी लिहिते, पुढच्या खेपेला पाठवू. तो कागद मला करता येतो."

"तर कर ना. उतर."

"टेबल मोकळं झाल्यावर उतरते. आणि स्टोअररूमला आतून कडी लागल्यावर."

कमळाकर सर काही बोलणार होते, शेठनी हात वर केला. "तू मला धमकी देते?"

"मी बसले आहे, शेठ. तुम्हीच म्हणालात, आराम से बैठो."

धाकलू तोंड फिरवून खोकला. शेठ रागावले होते. तो राग काही त्या दिवशी गेला नाही, मलाही तशी आशा नव्हती.

"सील दे," ते म्हणाले. "हम खुद लगाएंगे."

मी पिशवीतून सील काढून पुढे केलं. "लावा. नंबर कोण चढवणार? ओटीपी मी इथून सांगणार नाही. दवाखान्यातून सांगितला, तेवढा पुरे."

शेठनी सील घेतलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. मग सिंधीत स्वतःशीच काही पुटपुटले आणि वळून म्हणाले, "कमळाकर, वो खोके हटाओ उसके टेबल से."

"कुठे ठेवू, शेठ? जागाच नाही."

"तुझ्या केबिन में."

खोकी हलताना मी वरून बघत होते. धाकलूची माणसं एकेक खोकं कमळाकर सरांच्या टेबलावर जरा जास्तच दणक्यात ठेवत होती.

"कडीचं काय?" मी विचारलं.

"कल सुतार आएगा. अब उतर, मेरी माँ."

मी उतरले. खुर्ची धाकलूने खांद्यावरून आणली, प्लास्टिक फाडलं, माझ्या टेबलाशी ठेवली. मग मी कंटेनरचं दार लावून घेतलं, खिळा घातला, टोपी दाबली. कट्ट. नंबर चढवला, ओटीपी टाकला, एक खुर्ची शॉर्ट लिहिली. कंटेनर धूळ उडवत गेला. कमळाकर सर जाता जाता म्हणाले, "बाईमाणसाला एवढा हट्ट बरा नाही." मी त्यांना पेपरचं एक रिम मागितलं. त्यांच्याच केबिनमध्ये होतं.

त्या गडबडीत दुपारचं दूध काढायचं राहूनच गेलं. घरी पोचले तेव्हा ब्लाउज ओला होता आणि इरा रडून लाल झाली होती. सासूबाईंनी पिशवी उघडली.

"हे काय, हिमानी? आज एकच बाटली?"

"एक शॉर्ट आहे, आई." मी इराला घेतलं, दारातच, चपला न काढता. तिने दोन्ही मुठींनी मला पकडलं आणि रागारागाने पिऊ लागली. रागाने का होईना.

सगळं ऐकून सासूबाई पोळीचा तवा ठेवत म्हणाल्या, "मग उद्या जायचंय का?"

"जायचंय तर. सुतार येतो की नाही, बघायला नको?"