तोताराम नानांची मुकी गाडी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी हातगाडी आहे. मात्र माझ्यावर कधी कुणी भाजी विकली नाही की कुल्फी. गावातले माणूस गेले, की त्याला घरापासून स्मशानापर्यंत नेणारी गाडी ती मी. तुमच्या आया तुम्हाला माझ्या आसपास खेळू देत नाहीत. त्यांचा मला राग नाही. पण मला घडवणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगायला हवी, आणि मी त्याच्या अंगणात जन्म काढला आहे.

आमचे गाव वरणगावच्या अलीकडे, केळीच्या मळ्यांत दडलेले. त्या माणसाचे नाव तोताराम; सगळे त्यांना नाना म्हणत. ते दीपनगरच्या वीज केंद्रात वेल्डिंगच्या कामावर जात. दिवसभर ठिणग्यांपुढे बसून आलेल्या माणसाने संध्याकाळी खाटेवर अंग टाकावे की नाही? पण नानांना स्वस्थ बसवत नसे. गटार तुंबली, नाना फावडे घेऊन हजर. टाकीचा नळ गळायला लागला, नाना पाना घेऊन शिडीवर. स्मशानाच्या उघड्या रस्त्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी कडुलिंबाची झाडे लावली आणि बादलीने पाणी घालून जगवली. त्यांची बायको झुंबरबाई करवादायची, "गाव काय तुमच्या नावावर हाये का? घरची मोरी तुंबेल हाये, ते पाहा आधी!" नाना हसून मोरीही काढत, पण गावाची गटार झाल्यावर.

माझा जन्म एका वाईट दुपारी ठरला. मे महिना होता. फाट्यावरच्या वस्तीतली भागाबाई वारली, आणि वस्तीतली धडधाकट माणसे केळीचा ट्रक भरायला लांबच्या मळ्यात गेलेली. खांदा द्यायला तीन म्हातारे मिळाले आणि चौथे नाना. स्मशान दूर नदीकाठी. डांबर पायाला चटके देत होते. वाटेत एका म्हाताऱ्याला भोवळ आली आणि तिरडी रस्त्यावर कलंडली. भागाबाईची लेक मागून धावत आली आणि आईच्या तोंडावरची धूळ पदराने पुसू लागली. त्या दिवशी नाना घरी येऊन जेवले नाहीत.

पुढच्या सुट्टीला त्यांनी भंगारातून पाइप आणले, मोटारसायकलची जुनी चाके आणली, आणि मी तयार झाले. वर उन्हासाठी पत्र्याचे छत, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. आता दोन माणसेही एका माणसाला नीट पोहोचवू शकत होती.

माझ्या चाकांवर नानांचा फार जीव. प्रत्येक फेरीनंतर ते मला लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धूत आणि चाके काढून बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरत. एकदा फाट्यावरचा अभिमन त्यांना म्हणाला, "नाना, मेलेल्या मानसाले आवाजाचा काय तरास?"

"त्याले नाही रे भो," नाना म्हणाले. "पन गल्लीत कोनी आजारी पडेल ऱ्हाते. चाकाचा आवाज आला, का त्याले वाटते, आता माहा नंबर. म्हनून गाडी मांजरासारखी गेली पाह्यजे."

तेव्हापासून मला मुकी गाडी हे नाव पडले. मला ते आवडायचे.

आता माझ्या मुक्कामाची रडकथा ऐका. गावाला मी हवी होते, पण प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारात. देवळाच्या मागे नको, शाळेजवळ नको, दवाखान्यापाशी तर नकोच. शेवटी नानांनी मला स्वतःच्याच अंगणात, त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली उभे केले. झुंबरबाईने त्या दिवशी सांगून टाकले, की या गाडीला ती जन्मात हात लावणार नाही.

त्याची किंमत नानांच्या घराने मोजली. मुलाला, हितेंद्रला पाहायला जळगावच्या मेहरूणहून पाहुणे आले होते. बोलणी चांगली चालली होती. मुलीची आत्या हात धुवायला अंगणात आली आणि मला पाहून उभीच राहिली. त्यानंतर आत कुणी चहाही संपवला नाही. पाहुणे गेल्यावर हितेंद्र म्हणाला, "नाना, ही गाडी हालवा, नाही त मी हालतो."

नाना दिवसभर माझ्यासाठी जागा शोधत गावभर फिरले. संध्याकाळी त्यांनी मला परत त्याच खिडकीखाली लावले. हितेंद्र पुण्याला गेला. तिकडेच त्याचे नूतनशी लग्न झाले. दिवाळीला तो यायचा, पण अंगणात पाऊल ठेवायचा नाही. मला फार अपराध्यासारखे वाटे. मी लोखंडाची आहे म्हणून काय झाले?

एका सव्वीस जानेवारीला गावाने नानांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणे झाली, फोटो निघाले. नानांच्या हाती माइक दिला तर ते एवढेच म्हणाले, "माह्या मांगं गाडीच्या चाकाले ग्रीस कोन भरीन, तेवढं सांगा." लोकांना वाटले नाना गंमत करतात. हसून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग गेल्या पावसाळ्यात नानांना अर्धांगवायू झाला. ते खिडकीजवळच्या खाटेला खिळले. रोज सकाळी ते विचारत, "झुंबर, गाडीची चाकं पाह्यली का कोनी?" आणि झुंबरबाई पोळ्या लाटता लाटता म्हणे, "पाह्यली, पाह्यली." भिंतीच्या बाहेर उभी राहून मी ते ऐकत असे. मला कुणीच पाहिले नव्हते. लोक मला घेऊन जात आणि न धुता आणून टाकत. दांड्यांना हारांचे वाळलेले दोरे तसेच लटकत. पावसाचे पाणी चाकांत मुरत होते.

एका दुपारी मला परत आणत असताना माझे उजवे चाक किंचाळले. गल्लीच्या तोंडापासून नानांच्या खिडकीपर्यंत ते किंचाळत आले. मला थांबता येईना, मित्रांनो. मी जीव मुठीत धरला असता, पण मला मूठ नाही.

खिडकीतून नानांचा आवाज आला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "झुंबर, पाह्यली म्हने ना तू?"

इतकी वर्षे ज्या आवाजापासून नानांनी गावातल्या आजाऱ्यांना जपले, तो आवाज शेवटी त्यांच्याच खाटेपाशी पोहोचला, आणि तो माझा होता. त्यानंतर त्यांनी चाकांबद्दल कधी विचारले नाही. आठवडाही गेला नाही आणि नाना गेले.

गाव लोटले होते. खांदा द्यायला नुसती झुंबड. दोन पावलांना खांदेकरी बदलत होते. "नानाले गाडी कायले? नानाले आपले खांदे हायेत!" कुणीतरी ओरडले. हितेंद्र मडके धरून पुढे चालला. मला वाटले होते, निदान एवढे एक काम मला मिळेल. मी खिडकीखालीच राहिले, आणि त्यांनी लावलेल्या लिंबांच्या सावलीतून नाना लोकांच्या खांद्यांवरून गेले.

नानांचा दहावाही झाला नव्हता, तेव्हा फाट्यावरची लताबाई वारली. एकटी बाई, मागे कुणी नाही. अभिमन मला न्यायला आला. त्याने दांडे धरून जोर लावला, हितेंद्रनेही लावला. पण उजवे चाक गंजून जाम झाले होते. मी कर्कश ओरडत हातभर सरकले. समोरच्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

"नानाच्या दिवशी तर खांद्याले जागा मियत नव्हती," अभिमन म्हणाला, आणि माणसे गोळा करायला गेला. त्याला तीन म्हातारे मिळाले. फाट्याजवळच्या चढावर त्यांच्या हातून तिरडी सुटली, हे मला नंतर कळले. लताबाईला तर तोंडावरची धूळ पुसायला लेकही नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणी नाना असेल. तो गेल्यावर त्याला खांदा जरूर द्या. पण तो असतानाच एखाद्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या हातातले काम शिकून घ्या. मला नमस्कार नको, हार नको. चाकात बोटभर ग्रीस हवे होते.

लताबाईला नेले त्या संध्याकाळी झुंबरबाई अंगणात आली. हातात स्वयंपाकातली तेलाची बुधली होती. तिने पहिल्यांदाच मला हात लावला. सगळे तेल उजव्या चाकात ओतले आणि दांडा धरून ढकलू लागली. खायच्या तेलाने गंजलेले बेअरिंग सुटत नाही. मी पुन्हा किंचाळले. तिने घाबरून खिडकीकडे पाहिले आणि माझ्या चाकावर दोन्ही हात दाबून धरले.

"गप ऱ्हाय माय, गप ऱ्हाय," ती म्हणाली. "ते ऐकतीन."