रखमाबाईची पेटी

त्या वर्षी आमच्याकडून दोघी वर्गाला जात होत्या. मी नववीच्या, आणि रखमाबाई सुइणींच्या. माझ्या वर्गात उत्तर चुकलं की छडी मिळायची आणि त्यांच्या वर्गात चुकलं तरी चहा मिळायचा, म्हणून मला त्यांचाच वर्ग जास्त आवडे.

रखमाबाई खाडीकडच्या आगरी पाड्यात राहायच्या. सरोजताईला, मला आणि आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच या जगात ओढून आणलं होतं. दवाखान्यातल्या वासंतीबाई नर्स सुइणींना शिकवणार असं कळलं तेव्हा त्या हसत सुटल्या होत्या. या वयात पाटी घेऊन बसू का, म्हणाल्या. पण गेल्या. त्याला कारण सरोजताईचं पहिलं बाळ.

ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी, कल्याणला झालं. गोरापान मुलगा होता. बारशाच्या आधीच त्याने दूध सोडलं, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि तो गेला. आळी म्हणाली, सटवीने नेला. वासंतीबाई म्हणाल्या की हा धनुर्वात, नाळ गंजक्या विळ्याने कापली की होतो. विळा आमच्या घरचा होता आणि हात रखमाबाईंचा.

आता ताईला पुन्हा दिवस गेले होते. डोंबिवलीहून ती सातव्यातच आली. आमच्या आनंदरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मुंबईच्या इस्पितळाचं नाव काढलं होतं, पण परक्या बायकांत पोरीला सोडायला आई तयार नव्हती. ताईने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "या वेळी मला बाळाला घेऊन डोंबिवलीला जायचंय." तिने दुसरं काही मागितलंच नाही, डोहाळेसुद्धा नाहीत.

मग आईने ठरवून टाकलं की रखमाबाईंनी वर्ग पुरा करायचा, आणि त्या मध्येच पळून येऊ नयेत म्हणून सोबतीला मी जायचं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत चटईवर सगळ्या बसत. वासंतीबाईंनी चिंध्यांची बाहुली केली होती आणि तिला नाळ म्हणून सुतळी शिवली होती. पहिल्याच दिवशी शेवंती नावाच्या सुइणीने विचारलं की मुलगा आहे की मुलगी, ते कळल्याशिवाय हात कसा लावायचा? सगळ्या पदरात तोंड लपवून हसल्या. वासंतीबाई हसल्या नाहीत. त्या फार चांगल्या होत्या, पण वर्गात हसायच्या नाहीत. नखं कशी कापायची, हात कसे घासायचे, कात्री आणि दोरा किती वेळ उकळायचा, हे त्या प्रत्येकीकडून करून घेत. रखमाबाईंनी सुतळी इतक्या वेळा कापली की बाहुलीला नवी नाळ शिवावी लागली.

शेवटी सगळ्यांना एकेक पत्र्याची पेटी मिळाली. आत कात्री, दोरा, साबण, ब्रश. रखमाबाईंनी ती पदराखाली झाकून, दागिन्यांचा डबा आणावा तशी घरी आणली. वाटेत मी म्हटलं, आता तुम्ही पास. त्या म्हणाल्या, "पास का नापास ते तुझी ताई सांगेल गो."

ताई एका रविवारी सकाळी बाळंत झाली. स्टोव्ह मी पेटवला, कात्री मी उकळली, आणि रखमाबाईंनी सांगितल्याशिवाय पातेल्यावरचं झाकणसुद्धा काढलं नाही. मुलगी झाली. रडली ती अशी, की पलीकडच्या घरातून कोणीतरी ओरडून विचारलं, काय झालं? रखमाबाईंनी नाळ बांधली, कापली, आणि कात्री माझ्यासमोर धरून म्हणाल्या, बघून घे, गंज हाय का कुठं. नव्हता. पाचवीच्या पूजेला आईने पाट्यावर विळ्याऐवजी तीच कात्री मांडली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. ताई खाटेवरून बघत होती. एवढी हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी बाळ पाजायला घेतलं तर ते तोंड उघडेना.

ते पहिल्यांदा ताईलाच कळलं. तिने कोणाला हाक मारली नाही. बाळाच्या हनुवटीवर बोट ठेवून हळूच खाली ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे धावले. ते येईपर्यंत मुठी आवळल्या होत्या, आणि दाराची कडी वाजली तरी एवढंसं अंग ताठ होऊन कमानीसारखं वर उचललं जात होतं. डॉक्टरांनी सुई दिली, पण देताना आमच्याकडे बघितलं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला दुपट्यात गुंडाळून खाडीच्या बाजूला घेऊन गेले. तिला अजून नावही नव्हतं.

आळीला कारण लगेच सापडलं. लोखंड उकळून नाळेला लावलं, त्याची धग पोटात गेली. विळा काय वाईट होता? आईनेही तेच धरलं. पेटी तिने परसात भिरकावली आणि रखमाबाईंना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रखमाबाई अंगणातूनच परत गेल्या.

मला मात्र डॉक्टरांचा प्रश्न आठवत होता. जाताना दारात त्यांनी आईला विचारलं होतं की बेंबीवर काय लावलं. आई म्हणाली होती, काही नाही, नेहमीचंच. ते नेहमीचं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं, कारण बाळंतिणीच्या खोलीत मालिशच्या वेळी मला कोणी थांबू देत नसे. आईला विचारायची सोय नव्हती. मी सरळ पाड्यावर गेले.

रखमाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी विचारलं तशा उठून आत गेल्या आणि एक पितळी डबी घेऊन आल्या. आत राख होती. गोठ्यातल्या गोवरीची, वस्त्रगाळ केलेली, हाताला अगदी मऊ. नाळेचा देठ ओला राहतो, ही लावली की लवकर सुकून पडतो. त्यांच्या सासूने शिकवलेलं. त्या सगळ्यांनाच लावत आल्या होत्या.

ही वर्गात का दाखवली नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की वर्गाच्या दिवशी सगळ्याच जणी आपापली डबी घरी ठेवून यायच्या. नर्सबाई रागावल्या तर? वासंतीबाईंनी कापायचं शिकवलं होतं, ते त्यांनी शिकल्याप्रमाणे केलं. कापल्यावर देठाला काही लावू नका, असं कोणी म्हणालंच नव्हतं. शहरात शिकलेल्या बाईच्या मनात राख येणार कुठून?

मी भडाभडा सांगून टाकलं. धनुर्वाताचे जंतू शेणात, गोठ्यातल्या मातीत असतात, आमच्या पुस्तकात आहे. प्रश्नाचं उत्तर येत असलं की मला थांबता येत नाही. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मी थांबले.

"मग बाकीची पोरं कशी जगली?" त्यांनी विचारलं.

ते पुस्तकात नव्हतं.

पेट्या मिळाल्या तरी आठवड्यातून एकदा वर्ग भरतच होता. पुढच्या वर्गाला त्या स्वतःच गेल्या, मी मागोमाग. सगळ्यांसमोर त्यांनी डबी वासंतीबाईंच्या टेबलावर ठेवली आणि उघडली. म्हणाल्या, कात्रीनं काय केलं नाय. मी केलं. वासंतीबाईंनी राख चिमटीत घेऊन बघितली. हे मला आधी का सांगितलं नाहीत, असं त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिक्षिकेसारखा नव्हता.

"विचारलं असतंत तरी सांगितलं नसतं. तुमच्यापुढं लाज वाटायची."

मग शेवंती खाली बघत म्हणाली की तिच्याकडे राख नसते, शेण असतं.

घरी ताईला ताप भरला होता. पिणारं कोणी नाही आणि दूध तर येतच होतं. छाती दगडासारखी झाली होती, कुशीवर वळता येत नव्हतं. आईने शेक दिला, लेप लावला, उपयोग होईना. असं दूध कसं आटवायचं ते आमच्या ओळखीत एकीलाच येत होतं. रखमाबाई मागच्या दाराने आल्या. आई आडवी आली, पण ताई आतून म्हणाली, येऊ दे.

रखमाबाई खाटेपाशी खाली बसल्या. वर्गात सांगितलं तसंच त्यांनी ताईलाही सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. आई दाराला टेकून ऐकत होती. तिने पदर तोंडाशी नेला. रोज मालिश झाल्यावर रखमाबाईंच्या हातात डबी देणारी तीच होती.

ताईने मान रखमाबाईंकडे वळवली. मग म्हणाली, "पहिल्याला पण लावली होती?"

"व्हय."

"म्हणजे विळा नव्हता."

"विळा असंल, राख असंल. मला ठावं नाय, सरोज. लावली होती एवढं ठावं हाय."

ताईने डोळे मिटले. मला वाटलं ती आता त्यांना जायला सांगेल. मला तर तसं सांगावंसं वाटत होतं, आणि नव्हतंही. खोलीत धुरीचा आणि दुधाचा आंबूस वास भरला होता.

"पुढच्या वेळी मी इथं येणार नाही," ताई म्हणाली. "कोणाकडेच येणार नाही."

"नको येऊस," रखमाबाई म्हणाल्या.

मग ताई हाताला जोर देऊन उठून बसली. तिला उठवायला रखमाबाई आणि मी पुढे झालो, पण तिने आमचा हात घेतला नाही. छातीला बांधायची जुन्या लुगड्याची पट्टी तिने स्वतःच उशाखालून काढली आणि रखमाबाईंच्या पुढ्यात टाकली.

"बांधा," ती म्हणाली. "घट्ट बांधा."

पट्टीचं एक टोक मी धरलं. रखमाबाईंनी दुसरं ओढलं.